हवेत पाणी कुठून आलं

आमच्या धुळ्याच्या वर्कशॉपमध्ये प्लाझ्मा कटिंगचं मशीन आलं ते जळगावहून, टेम्पोत, जुन्या गोधडीत गुंडाळून. नव्वद साल उलटून गेलं होतं. तोवर आमच्याकडचं सगळं कापकाम गॅसवर चालायचं आणि ते एकटे आबा करायचे. आबा म्हणजे माझे सासरे. प्लेटवर खडूनं रेघ ओढायची आणि पट्टीबिट्टी न लावता मोकळ्या हातानं तिच्यावरून ज्योत न्यायची, ही त्यांची ख्याती. साक्री-शिरपूरकडचे ट्रॉलीवाले त्यासाठी आमच्याकडे यायचे. पट्टी लावून कापणाऱ्या माणसाला आबा कारागिरांत धरतच नसत.

पण त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. डॉक्टरांनी वयाचं आहे म्हणून सांगितलं आणि गोळ्या दिल्या. गॅसनं जाड प्लेट कापताना हात अगदी सावकाश सरकवावा लागतो, त्यामुळे हाताची प्रत्येक थरथर कडेवर उमटायची. आबा जेवायला गेले की माझा नवरा गुपचूप ग्राइंडर मारून ती कड सरळ करायचा. आबा परत आले की कडेवरून बोट फिरवायचे आणि पुढच्या प्लेटकडे वळायचे. त्यांना सगळं कळत होतं. मला त्या वेळी तिथून उठून जावंसं वाटे, इतकं ते बघवत नसे.

मशीन आणलं ते मात्र त्यांच्या हातामुळे नाही. दूध डेअरीच्या टाक्यांची कामं येऊ लागली होती आणि त्यांना लागणारं स्टेनलेस स्टील काही गॅसनं कापलं जात नाही. हे नवऱ्यानं आबांना तीनतीनदा समजावलं. आबांनी गोधडी बाजूला करून मशीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "हाई मशीन नही, हाऊ मना राजीनामा शे."

मशीनबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. वर्कशॉपचं ऑफिस मी सांभाळायचे, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली. आमच्या घरी सायकलसुद्धा हवा, ब्रेक, घंटी पाहिल्याशिवाय फाटकाबाहेर पडत नसे. पुस्तकात वापरण्याआधी काय काय तपासायचं ते पानंच्या पानं लिहिलेलं पाहून मला माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. नवऱ्याला मात्र घाम फुटला, कारण आता मी त्याला सोडणार नाही हे त्याला ठाऊक होतं.

आठवडाभर पुस्तक वाचून एका सकाळी मेन स्विच बंद करून मी सुरुवात केली. केबल बोटांखालून घेत तपासली, कुठे चिरलेली नव्हती. अर्थिंगची तार नवऱ्यानं बसवली होती, ती ओढून पाहिली तर हातात आली. मग माझा आवाज थोडा चढला. टॉर्च, म्हणजे जाळ सोडणारी हातातली मूठ, उघडून आतला इलेक्ट्रोड आणि नोझल पाहिलं, नोझलचं भोक गोल आहे का ते उजेडाकडे धरून पाहिलं. टेबलाखाली तेलाच्या चिंध्या पडल्या होत्या, त्या उचलायला लावल्या. आबा आपल्या गॅसच्या टेबलापाशी स्टुलावर बसून सगळं बघत होते. म्हणाले, "पोरी, बठ्ठा दिन तपासमाच घालशी, तं कापशी कव्हय?"

"आबा, तुम्ही बघाच," मी म्हटलं. सगळं मनासारखं झाल्यावर नवऱ्यानं काळी काच लावली आणि टॉर्च प्लेटला लावून बटण दाबलं. जाळ निघाला, फडफडला आणि विझला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. टॉर्च उघडला तर नवंकोरं नोझल एका बाजूनं खाल्ल्यासारखं झालेलं. आबांनी शेंगदाण्यांची पुडी काढली आणि शांतपणे एकेक तोंडात टाकू लागले. मला ते अजिबात आवडलं नाही.

पुन्हा पुस्तक. नोझल असं का जळतं त्याची कारणं वाचत गेले. प्लेटला लावायचा चिमटा गंजावर लावला होता, तिथे घासून चकचकीत केलं. नवीन नोझल, तरी जाळ फडफडतोच. पुढचं कारण होतं ओली हवा. हे मशीन विजेबरोबर कॉम्प्रेसरची हवा वापरतं आणि ती कोरडी लागते. मी पर्समधला छोटा आरसा काढला, नुसती हवा सोडायला सांगितली आणि आरसा टॉर्चसमोर धरला. आरशावर बारीक थेंब जमले. हवेतलं पाणी गाळून धरणाऱ्या फिल्टरची वाटी पाहिली, ती भरलेली. सकाळी मी स्वतः रिकामी करून ठेवली होती.

आता मे महिना, धुळ्यात नळाला एक दिवसाआड पाणी, अंगणातली तुळस वाळून काडी झालेली, आणि आमच्या हवेत मात्र पाणी. मी नवऱ्यावर चांगलीच उखडले. म्हटलं, "कुणीतरी मुद्दाम केलंय हे. काही जणांना हे मशीन चालायला नकोच आहे." नाव घेतलं नाही, पण शेंगदाणे खाणं थांबलेलं मला ऐकू आलं. नवरा माझ्याकडेही बघेना आणि आबांकडेही. मी तशीच तणतणत हवेचा पाइप हातात धरून मागे मागे गेले. पाइप भिंतीच्या भोकातून मागच्या पडवीत जात होता, कॉम्प्रेसर तिथे असायचा.

तिथे आबांचा कूलर उभा होता. वाळ्याच्या ताट्यांतून पाणी ठिबकत होतं आणि कॉम्प्रेसर त्या गार, ओल्या वाऱ्यात बसून तीच हवा आत ओढत होता. हा कूलर आबांच्या टेबलापाशी असायचा. उन्हाळाभर त्याचं तोंड जरा जरी वळवलं तर घरात भांडण व्हायचं.

आबा माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. "मीच ठेवा तठे," ते म्हणाले. "मे ना महिना, नवं मशीन. त्याले ऊन लागी ना."

मला हसू फुटलं. राजीनामा म्हणून ज्या मशीनला आठवडाभर नावं ठेवली, त्याच्यासाठी हा माणूस सकाळपासून घामाघूम होऊन बसला होता. मी काहीतरी बोलायला गेले, तर ते म्हणाले, "त्याले गार हवा नही चालत, तं तसं सांगानं. वरडस कसाले?" मी वाकून त्यांच्या पाया पडले. त्यांना ते विचित्र वाटलं असावं, कारण ते घाईघाईनं कूलर ओढू लागले.

वाटी पुन्हा रिकामी केली, पाइपमधून बराच वेळ नुसती हवा जाऊ दिली. आरसा कोरडा राहिला. नवरा हातमोजे चढवू लागला, तेव्हा मी म्हटलं, "थांबा. पुस्तकात लिहिलंय, पहिला कट घरातल्या मोठ्या माणसानं घ्यायचा. आणि पट्टी लावूनच घ्यायचा, तसा नियमच आहे."

"इंग्रजीमा लिखेल शे हाई?" आबांनी विचारलं.

"ठळक अक्षरात."

आबांनी एकदा पुस्तकाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला आणि नवऱ्यानं त्यात मोजे आणि दुसरी काळी काच दिली. मी लोखंडी पट्टी प्लेटवर शिकंज्यानं आवळली. त्यांनी टॉर्च पट्टीला टेकवला. हात थरथरत होता, मोज्यातूनही दिसत होतं. नवरा काळ्या काचेआड तोंड लपवून उभा राहिला. आबांनी बटण दाबलं. या मशीनवर हात सावकाश नेऊन चालत नाही, भरभर न्यावा लागतो. निळा जाळ खाली उतरला आणि पट्टीच्या कडेनं सरसर गेला. तुकडा खाली पडल्याचा आवाज झाला.

आबांनी काच वर केली. प्लेट निवेपर्यंत थांबले, मोजा काढून कडेवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि परत. मग तोच हात आमच्या दोघांसमोर उघडा धरला, पहिल्यांदाच.

"हात आजून हालस," ते म्हणाले. "पन रेघ नही हालनी."

आणि मग नवऱ्याला दुसरी प्लेट आणायला सांगितली.