आतून लावायची कडी

आमचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, निविदेच्या अटी डोळे मिटून लिहायचे. खुर्ची मागच्या भिंतीला टेकवायची, चष्मा कपाळावर चढवायचा आणि दहा-दहा मिनिटं गप्प बसून राहायचं. नवीन माणसाला वाटे, म्हातारा डुलक्या काढतोय. मलाही पहिल्या आठवड्यात तसंच वाटलं आणि मी टाइपरायटर अगदी हळू दाबू लागले. डोळे न उघडताच ते म्हणाले, "बाई, वाजू द्या खटखट. मी झोपलो नाही. मी तुमसर रोडच्या फाट्यावर उभा आहो. पाणी पडून राह्यलं."

त्या दिवशी पोलिसांच्या रेनकोटांची निविदा होती. भंडाऱ्याच्या कचेरीतल्या मागच्या खोलीत आमची शाखा. पोलिसांना लागणाऱ्या गाड्या, बॅटऱ्या, बंदोबस्ताचे मंडप, पंचनाम्याला फोटोवाला, सगळं तिथून मागवलं जाई. लांबी, रंग आणि नग लिहिले की दुसरा कुणीही मोकळा झाला असता. बडेबाबू मात्र फाट्यावर भिजत राहिले आणि शेवटी म्हणाले, "कॉलरमधून पाणी आत जाऊन राह्यलं. टोपी जोडलेली पाहिजे, लिहा. अन् एक खिसा आतून. शिपायाची वही भिजते."

गस्तीच्या बॅटऱ्यांच्या वेळीही तसंच. "एका हातात काठी, दुसऱ्यात बॅटरी. मंग शिट्टी कोनत्या हातानं वाजवन तो? बॅटरीले गळ्यात अडकवाची दोरी लिहा." पुरवठादार वैतागत. आमचे साहेब म्हणत, "बडेबाबू, तुमची निविदा वाचली की मला सर्दी होते." पण सही करत. आणि पुढच्या पावसाळ्यात चौकातला शिपाई खिशातून कोरडी वही काढताना दिसला की मला उगाचच आनंद होई.

ते पवनीचे. रोज एसटीने येत, दारातूनच सगळ्यांना जयभीम घालत, आणि हिवाळ्यात पिशवीतून तलावातले उकडलेले शिंगाडे काढून प्रत्येकाच्या टेबलावर मूठभर ठेवत. दुपारी पंखा संथ फिरत असे, निविदांच्या पाकिटांवर सील करायची लाख वितळत असे, तिचा गोडसर वास खोलीत भरून राही. त्या वासात ते अर्धवट स्वतःशीच बोलत. "निविदा म्हणजे सरकारनं पाहिलेलं सपन हाये, बाई. सरकारले सपन नीट पाहता येत नाही, म्हणून आपल्याले पगार देते." मी हसायची. आता वाटतं, त्या खोलीत मी काम कमी केलं आणि त्यांची स्वप्नंच जास्त टाइप केली.

मग जिल्हा फुटला. गोंदिया वेगळा झाला, आणि माणसांबरोबर कपाटं आणि फायलीही वाटल्या गेल्या. नेमकी आमची नमुन्याची फाइल तिकडच्या ट्रकात चढली. कचेरीत कुणी कोऱ्या कागदावर निविदा लिहीत नाही, जुनी समोर ठेवून नवी करतात. पुढचा मार्चअखेर आला आणि वरून हुकूम आला, की मारहाण सोसून पोलीस ठाण्यात येणाऱ्या बायकांसाठी तात्पुरता निवारा एखाद्या संस्थेकडून चालवून घ्यायचा आहे, निविदा चार दिवसांत काढा. नमुना गोंदियाला. हाताशी होती ती मुद्देमालाच्या गोदामाची निविदा, म्हणजे चोरीचा पकडलेला माल ठेवायच्या जागेची. बडेबाबूंनी तीच घेतली, जिथे 'माल' होता तिथे 'महिला' केलं, अंथरूण-पांघरूण, जेवण, समुपदेशक हे सगळं घातलं. डोळे मिटायला त्या चार दिवसांत सवडच नव्हती. एक ओळ तशीच राहिली. 'दारास बाहेरून कडी-कुलूप असावे व किल्ली पहारेकऱ्याच्या ताब्यात राहील.' ती त्यांच्या नजरेतून सुटली. मी ती माझ्या बोटांनी टाइप केली आणि मलाही दिसली नाही. याची लाज मला आजही वाटते.

दोन महिन्यांनी आम्ही दोघं तपासणीला गेलो. महामार्गाच्या कडेला दोन खोल्यांचं घर, अंगणात कडुलिंबाची सावली, भर दुपार. दाराला बाहेरून कुलूप. स्टुलावर पहारेकरी बसलेला, त्याच्या कमरेच्या करगोट्याला किल्ली.

"काहून लावलं कुलूप?" बडेबाबूंनी विचारलं.

"साहेब, अटीतच हाये नं. नाही लावलं तं संस्थेले नोटीस येते." त्याने घडी घातलेला कागद काढून दाखवला. आमचाच कागद, माझंच टायपिंग.

दार उघडलं. आत एकच बाई होती, लाखनीकडच्या एका खेड्यातली. सतरंजीवर पाय पोटाशी घेऊन बसलेली. आम्हाला पाहून ती उठून भिंतीशी उभी राहिली. नवरा कामाला जाताना तिला घरात कोंडून जायचा, हे तिच्या कागदात होतं. बडेबाबूंनी हात जोडले आणि विचारलं, "बाई, तुम्ही इथं कोनाले काही बोलल्या नाही?"

ती म्हणाली, "कायले बोलू? घरी बी बाह्यरूनच लागे. मले वाटलं, सरकारचं बी असंच असते."

बडेबाबू उंबरठ्यावरच बसले. मी इतकी वर्षं त्यांचे डोळे मिटलेलेच पाहिले होते. तेव्हा ते उघडे होते आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

करार झाल्यावर अट बदलायची तर समितीची बैठक लागते, साहेबांची मंजुरी लागते, महिना सहज जातो. बडेबाबूंना हे माझ्याहून शंभरपट ठाऊक होतं. त्यांनी पहारेकऱ्याला पाठवून सुतार बोलावला. तो स्क्रू काढत असताना गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनी लिहिलं, 'सदर अट माझ्या चुकीने आली आहे. आजपासून कडी आतून राहील.' खाली सही, तारीख. तसा अधिकार त्यांना मुळीच नव्हता. मी म्हटलं, "बडेबाबू, निदान साहेबांना फोन तरी..." ते म्हणाले, "साहेब कोंडून नाहीत, बाई."

कडी आत बसली. ते बाहेर आले आणि तिला म्हणाले, "लावून पाहा बरं." आतून कडी सरकल्याचा आवाज आला. आम्ही लिंबाखाली उभे राहिलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. महामार्गावरून ट्रक जात होते. दार उघडेना. तपासणीचा तक्ता माझ्या हातात कोराच होता. अर्ध्या तासाने मी दाराकडे निघाले, तर त्यांनी मला थांबवलं. "राहू द्या. तिले वाटन तवा उघडन. चला." अहवालात त्यांनी सांगून लिहवून घेतलं, 'केंद्र आतून बंद असल्याने तपासणी होऊ शकली नाही.'

व्हायचं ते झालं. कारणे दाखवा नोटीस आली. चूक टायपिंगची असू शकते, असं साहेबांनीच सुचवून वाट काढून दिली होती. बडेबाबूंनी ती वाट घेतली नाही. हाताशी आलेली बढती गेली आणि ते बडेबाबू म्हणूनच निवृत्त झाले. मी रडले, तर मलाच रागावले. "कायले रडता? कचेरीचा अधीक्षक झालो असतो तं सह्याच करत बसलो असतो."

पुढे एकदा मी पवनीला गेले. ते थकले होते. आम्ही वैनगंगेच्या घाटावर बसलो, नदीवर धूसर उन्हं पसरली होती. मग त्यांनी विचारलं, "ते लाखनीकडची बाई? कुठं हाये आता?"

मी ऐकलं होतं ते सांगितलं. तुमसरला राइसमिलमध्ये कामाला आहे, खोली करून राहते.

"दाराले कडी हाये?"

मी खोली पाहिलेली नव्हती. पण म्हटलं, "आहे ना. चांगली मजबूत आहे." त्यांनी मान हलवली. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

ते खोटं मला टोचत राहिलं. शेवटी एका रविवारी मी तुमसरला गेले, विचारत विचारत तिची खोली शोधली. तिने मला ओळखलं, चटई टाकली, चहा ठेवला. मी आधी दार पाहिलं. कडी होती, आतून. पण वरच्या कोयंड्यावर कोळ्याचं जाळं धरलेलं, आणि दार भिंतीला वीट लावून सताड उघडं.

"लावत नाही का हो?" मी विचारलं.

"पह्यले लय लावो," ती चहा गाळत म्हणाली. "आता उघडंच राह्यते, बाई. लोकं येतात-जातात. आता कायले लावू?"

मला पटकन उठून पवनीची गाडी धरावीशी वाटली. मग आठवलं, तिथे आता कुणी नाही. मी चहा घेतला आणि बराच वेळ त्या उघड्या दारात बसून राहिले.