लघवीला जाऊन येणारा माणूस

लातूरच्या डायलिसिस सेंटरात माझ्या शेजारच्या खाटेवर उदगीरकडचे एक दुकानदार असायचे. कपाळाला भस्म. मशीनला जोडायच्या आधी ते सावकाश उठायचे, चष्मा खिशात ठेवायचे आणि लघवीला जाऊन यायचे. माझी तर वर्षापूर्वीच बंद झालेली, म्हणून दिवसाला मोजून तीन पेले पाणी. ज्याला होते, त्याला पाणी जास्त मिळतं. मी त्यांच्यावर मनातून जळायचो.

एकदा राहवलं नाही. "आप्पा, तुमचं बरं हाय. अजून होती तुम्हाला."

"कुठलं हो," सुईसाठी हात पुढं करत ते म्हणाले, "दोन महिने झाले, थेंब न्हाई. जाऊन उभा राहतो, अन् येतो."

तरी माझं जळणं थांबलं नाही. मी जायचंच सोडून दिलं होतं.