दारूकोठारातलं घर

मास्तरकी लागली, पण केदारखेड्याच्या पलीकडच्या त्या गावात मला खोली काही मिळेना. का मिळेना ते गावालाही माहीत होतं आणि मलाही, त्यामुळे बोलायचं काही उरलंच नव्हतं. शेवटी गढीच्या मालकांनी आवाराबाहेरचं जुनं दगडी दारूकोठार देऊ केलं. दारू म्हणजे तोफेची. आता तिथं कुजका कडबा आणि वटवाघळं. मी म्हटलं, द्या.

मला घाई होती. बदनापूरच्या एका मुलीशी सोयरीक जुळत आली होती, आणि मुलगी मला मनापासून आवडली होती. तिच्या वडलांची अट एकच. आधी घर दाखवा, मग तारीख काढू.

आता घर म्हणायचं कशाला? काळा दगड, चुन्याची जोडाई, वर कमानीचं छत आणि खिडकी नावालाही नाही. हवा यावी पण ठिणगी सरळ आत जाऊ नये म्हणून झरोके भिंतीतल्या भिंतीत वळवलेले. त्यामुळे वारा यायचा आणि उजेड वाटेतच राहायचा. दर रविवारी गवंडी आणि मी पूर्वेची भिंत फोडत बसायचो. भिंतीनं आमच्या नाकात दम आणला. खिडकी झाली तेव्हा तिच्यात मांडी घालून पेपर वाचता येईल एवढी ती खोल होती. पहिली चूल पेटवायच्या वेळी गवंडी बाहेर जाऊन उभा राहिला. "फटीत जुनी दारू असंल तर? पेटवा तुम्ही, मी हितून बघतो," म्हणाला. उडालं काहीच नाही, चहा तेवढा उतू गेला.

पाहुणे यायच्या दिवशी मी पोहे करून, चुना दिलेल्या भिंतींकडे बघत बसलो. यष्टी आली आणि गेली. पाहुणे आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी मध्यस्थाकडून कळलं, ते आले होते. स्टँडवरच्या चहावाल्याला त्यांनी माझं घर विचारलं. तो म्हणाला, "मास्तर दारूच्या कोठारात राह्यतेत. सांजच्याला जा, गावची निम्मी पोरं तिथंच बसलेली असतेत." मी संध्याकाळी मुलांचा अभ्यास घ्यायचो. पाहुणे त्याच यष्टीनं माघारी गेले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच चहावाल्याकडे गेलो. "दुसरं काही सांगता आलं न्हाई का तुला?"

"मंग काय सांगू? नाव तेच हाय की त्याचं." कप्पाळ माझं!

बदनापूर गाठलं. मुलीच्या वडलांना जयभीम घातला, तो त्यांनी घेतला, पण बसा म्हणाले नाहीत. तोफ, बंदूक, बार, सगळं समजावून सांगितलं. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "थोरली लेक दिली तव्हा मी चौकशी केली न्हाई. जावई पितो. आता बिलकुल फसायचं न्हाई मला."

"मंग चला मामा, डोळ्यानं बघा."

आले. कोपरान् कोपरा हुंगला म्हटलं तरी चालेल. खिडकी त्यांना आवडली. मग दाराशी जाऊन त्यांनी ते जड सागवानी दार पुढंमागं केलं. "मास्तर, कडी बाहेरूनच हाय."

"कोठार होतं ना. आत कोण राहत होतं?"

"आतून बी पाहिजे."

एवढं राबून शेवटी कडीवर अडलं म्हणून मी चिडलो. "इथं चोर येत नाहीत, मामा."

"चोराचं कोण म्हणतंय? थोरलीच्या दाराला आतून कडी न्हाई. तो पिऊन आला की तिला दार लावून घेता येत न्हाई."

मला फार लागलं ते. म्हणालो, "तुम्ही मला असला समजता?"

"तो बी लग्नात असला न्हवता," ते म्हणाले.

त्याच दुपारी लोहाराकडून कडी आणून बसवली. त्यांनी दोनदा ओढून बघितली आणि म्हणाले, "काढा तारीख."

लग्न झालं. त्या घरात आम्ही कैक वर्षं सुखानं राहिलो, आणि ती कडी लावायची वेळ माझ्या बायकोवर कधी आली नाही. पहिल्यांदा ती लावली तिच्या थोरल्या बहिणीनं. दोन पोरं घेऊन भर दुपारी आली, आत शिरली, कडी घातली आणि मग पाणी मागितलं.