तिच्या घरचा कडू घास

तो पौष मला धुक्यातून दिसल्यासारखाच आठवतो. पुणतांब्याच्या पुढचं गोदाकाठचं एक गाव, नदीकडे तोंड करून बसलेली शाळा. सकाळी दहापर्यंत समोर नदी आहे की नाही तेच कळायचं नाही, नुसता पाण्याचा आवाज यायचा. भिंगारहून मी पहिल्या एसटीने निघायचे ती अर्धवट झोपेत, आणि गावात उतरले तरी ती झोप पुरती उतरायची नाही.

पलीकडच्या काठाला कांद्याच्या लागणीला जाणाऱ्या बायकांची होडी उलटली होती. एकाच गल्लीतल्या पाच जणी गेल्या. त्यांच्या घरच्यांसाठी शाळेच्या एका वर्गात मदत केंद्र उघडलं आणि समुपदेशक म्हणून मला धाडलं. माझ्याजवळ फॉर्मचा गठ्ठा होता. त्यात पहिलाच रकाना, मृताशी नातं. लोक यायचे, तेवढं सांगायचे आणि मग खिडकीतून धुक्याकडे बघत बसायचे. मीही बघायचे. खोटं कशाला बोलू, पुढे काय विचारावं ते मलाच सुचायचं नाही. माझा स्वभाव घाईचा. घरी म्हणतात, हिने दुधाला विरजण लावलं की हिला लगेच दही हवं. त्या वर्गात मात्र घाई करायला काही नव्हतंच.

ज्या घरात माणूस जातं तिथे चूल पेटत नाही. शेजारपाजारचे भाकरी-पिठलं घेऊन येतात, त्याला कडू घास म्हणतात. इथे अर्ध्या गल्लीच्या चुली थंड होत्या. रोज एक पस्तिशीची बाई डोक्यावर टोपलं घेऊन धुक्यातून यायची आणि पाचही घरी भाकऱ्या पोचवायची. तिची चाहूल लागायची नाही, आधी भाकरीचा वास यायचा. बोलणं जवळपास नाहीच. मला ती भलतीच आवडली. दुसऱ्याच दिवशी मी तिच्या गळ्यात स्वयंसेवकाचं कार्ड अडकवलं. सतरंज्या अंथर, चहा दे, म्हाताऱ्यांना हाताला धरून आण, सगळं तिच्याकडून करून घेतलं. वर शहाणपणही शिकवलं, "हाताला काम असलं ना ताई, की मन थाऱ्यावर राहतं." ती मान हलवायची.

आठव्या दिवशी गेलेल्यांपैकी एकीची सासू वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली.

"म्याडम, तिच्या गळ्यातला त्यो पट्टा काढा आदी."

"का हो आजी? केवढं करते ती सगळ्यांचं."

"करती, व्हय. ती बी त्याच होडीत हुती. साहावी. हाताला दोर घावला म्हनून वाचली."

मी गठ्ठा वरखाली चाळला. तिचा फॉर्म नव्हता. कसा असेल? तिच्या घरचं कोणी गेलं नव्हतं, म्हणून आमच्या यादीत ती नाही. तिला सुतक नाही, म्हणून गावाच्या रीतीनेही तिच्या दारी कडू घास नाही. उलट चूल पेटती म्हणून भाकऱ्या थापायच्या तिनेच. दुःख शोधायला मी रोज भिंगारहून येत होते आणि त्याच दुःखाच्या हातचा चहा पीत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला माझी शरम वाटली.

"जेवत न्हाई ती," आजी म्हणाल्या. "आट दिवस नुसत्या च्यावर हाय. काल हापशापाशी चक्कर येऊन पडली. तिचा मालक रडत हुता लेकरावानी."

"मग तुम्हीच दोन घास..."

"आमच्या हातचं कसं चालंल, सुतक हाय. तुमी करा. मी सांगते."

शाळेच्या खिचडीच्या खोलीत मी परात घेतली. उंबऱ्याबाहेर बसून आजी सांगत होत्या. पाणी कडक घे, पीठ चांगलं मळ, थापताना फिरव, अगं फिरव. बाजरीचं पीठ माझ्या हाती कधी वळलं नाही. तीन भाकऱ्या मोडल्या. "लई शिकलेली दिसती," आजी म्हणाल्या, आणि त्या आठ दिवसांत पहिल्यांदाच मी कोणाला हसताना पाहिलं. चौथी कशीबशी उतरली.

ती घाटाच्या पायरीवर बसली होती. धुकं विरलं होतं, पाण्यावर ऊन हलत होतं आणि ते तिच्या तोंडावरही हलत होतं. शेजारी रिकामं टोपलं, त्यात फडक्यात बांधलेलं काहीतरी. मी ताटली पुढे केली.

"मला कशाला घास?" ती म्हणाली. "माज्या घरचं कुनी गेलं न्हाई."

आजी दोन पायऱ्या वर थांबल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "कुनी गेलं न्हाई म्हंती! पाच जनी गेल्या की गं तुज्या."

तिने टोपल्यातलं फडकं मांडीवर घेतलं. मग बोलायला लागली, माझ्याशी की नदीशी ते कळलं नाही. "रानात दुपारी आमी भाकरी बदलायचो. हिची तिला, तिची मला. इतक्या वर्सांत माजी भाकरी मी कदी खाल्लीच न्हाई बाई. आता रोज थापते, एक माज्यासाटी बांदून ठेवते. माजीच मला गिळवत न्हाई."

तिने फडकं सोडलं. पातळ, गोल, कुठे डाग नाही अशी भाकरी. ती तिने माझ्या हातात दिली आणि माझी ताटली आपल्याकडे ओढली.

माझी भाकरी एका कडेला करपलेली आणि मध्ये कच्ची होती. तिने ती सगळी खाल्ली. तिची मी खाल्ली.