मालकाची मंजुरी

भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांची मी आजवर टरच उडवत आलोय. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू यायला हवं... येत नाहीये.

औरंगपुऱ्यात एका साडीच्या दुकानावरच्या खोलीत मी वेबसाइट बनवतो. मागच्या उन्हाळ्यात, दुष्काळानं सगळ्या शहराच्या तोंडचं पाणी पळालं होतं तेव्हा, मुकुंदवाडीच्या मंगलवहिनी भर दुपारी रिक्षा करून आल्या. त्यांच्या नवऱ्याचा पाण्याच्या टँकरचा धंदा, बुकिंग वेबसाइटवरून. ते दिवाळीत अचानक वारले आणि सगळं वहिनींच्या अंगावर पडलं. आता साइट उघडली की ‘सुरक्षित नाही’ असा लाल इशारा यायचा, आणि गिऱ्हाईकं दुसरीकडे चालली होती.

"ऐन सीझनला असं झालं तर टँकर विकावा लागंल, भाऊ. लेकरांचं कसं करू?"

कारण साधं होतं – साइटच्या सिक्युरिटी सर्टिफिकेटची मुदत संपलेली. मी नवं मागवलं. ते देण्याआधी कंपनी साइटच्या ‘अ‍ॅडमिन’ पत्त्यावर मेल पाठवते. मालकानं त्यातल्या लिंकवर क्लिक करून मंजुरी द्यायची. अर्ज गेल्यावर माझ्या लक्षात आलं, असा मेलबॉक्स आहे का हे मी बघितलंच नाही! साइट ज्यांच्या सर्व्हरवर ठेवलेली, त्या होस्टिंगचं पॅनेल घाईघाईनं उघडलं. एकही मेलबॉक्स नाही. मेल दुसऱ्या पत्त्यावर वळवणारं फॉरवर्डिंगही नाही.

तेवढ्यात सर्टिफिकेट माझ्या मेलवर येऊन पडलं. मालकाची मंजुरी मिळाली म्हणे.

शेअर्ड होस्टिंग, एकाच सर्व्हरवर शेकडो साइट... मेल भलत्याकडे तर गेला नाही? होस्टिंगवाल्यांना फोन लावला. तिथला मुलगा म्हणाला, "सर, तो मेल तर पोचलाच नाही. परत फिरलाय."

सर्टिफिकेट चढवलं. साइटच्या पत्त्याशेजारी सुरक्षिततेचं कुलूप दिसायला लागलं, थोड्या वेळात बुकिंगही सुरू झालं. मी चाचरत वहिनींना सगळं सांगितलं. वाटलं, घाबरतील. त्या पदर सावरून म्हणाल्या, "ह्यांनीच दिली असंल. लई जीव होता त्यांचा धंद्यावर."

"वहिनी, काहीतरी तांत्रिक गडबड असेल. मी मेलबॉक्स बनवून ठेवतो."

"नको! हे दरसाल लागतं ना?"

"हो."

"मग पुढच्या साली बी बनवू नका. आपण वाट बघू."

मी बनवला नाही. मुदत पुढच्या आठवड्यात संपतेय आणि वहिनींचे फोन सुरू झालेत. झालं ते कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. मंजुरी आली तर माझी बोबडी वळेल, हे कबूल.

पण नाही आली, तर वहिनींना काय सांगू?