पोह्यांनी पुसलेला शेरा

नव्वदीच्या दशकात मी डोंबिवलीत एका वधूवर मंडळात कॉम्प्युटर ऑपरेटर होते. ऑपरेटर म्हणजे सगळंच: नोंदी, प्रिंट, धूळ झटकणं आणि दसऱ्याला मशीनला झेंडूचा हार घालणं. दोन साधे कॉम्प्युटर आणि वायरीने जोडलेला एक जाडजूड सर्व्हर, असा आमचा संसार होता. सर्व्हर एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्याने दान दिलेला. तापला की अजून कारखान्याचा वास सोडायचा.

मंडळ चालवायच्या काकू. निवृत्त शिक्षिका, साठीच्या आणि हट्टी. अर्जातली माहिती मी भरायचे, पण प्रत्येक नावापुढचा ‘शेरा’ त्या स्वतः एका बोटाने टाइप करायच्या, वर त्याला पासवर्ड. मुलाला फिट येते, मुलीचं आधीचं ठरलेलं मोडलं, असल्या गोष्टी त्यात असत. आईबाप विश्वासाने सांगत आणि काकू तो विश्वास पाळत. लग्न ठरलं की त्या पालकांसमोर अर्ज फाडायच्या, तुकडे त्यांच्या हातात द्यायच्या आणि मगच पेढा तोंडात टाकायच्या.

माझंही नाव बाबांनी तिथे घातलं होतं. दोन वर्षांत एकही स्थळ आलं नाही. बाबांच्या हातांवर कोड होतं, मनगटापासून वर पांढरे डाग. आमच्यात तेवढ्यावरून स्थळं परत जायची. बाबा मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचे. दर महिन्याला विचारायचे, “काही आलं का गं?” मी नाही म्हटलं की मनगटाची बटणं चाचपायचे. मला त्यांचा राग यायचा आणि मग त्या रागाचं वाईट वाटायचं. माझ्या शेऱ्यात काय लिहिलेलं असणार, हे मला न वाचताच ठाऊक होतं.

मग मंडळाला नवं मशीन मिळालं आणि जुना सर्व्हर कल्याणच्या एका कॉम्प्युटर क्लासला द्यायचं ठरलं. काकूंनी दोन दिवस खपून एकेक शेरा डिलीट केला.

“झालं बाई एकदाचं,” त्या म्हणाल्या. “आता खुशाल नेऊ देत.”

“काकू, गेलं नाहीये ते. डिलीट केलं की नोंदीपुढे नुसता तारा येतो. मजकूर आत तसाच असतो.”

“मग मी दोन दिवस काय केलं?”

अकलेचे तारे तोडलेत, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. “दाखवते, पासवर्ड सांगा.”

काकू चक्क लाजल्या. पासवर्ड म्हणजे यजमानांचं नाव, आणि ते त्यांनी लग्नापासून उखाण्याशिवाय तोंडातून काढलेलं नव्हतं.

“कागदावर लिहून द्या मग.”

“पासवर्ड लिहायचा नसतो, असं तूच सांगितलंस ना?”

शेवटी पदर सारखा करून त्यांनी उखाणा घेतला: “म्हाताऱ्या मशीनची पुसली मी काच, अमुकरावांचं नाव घेते, पासवर्ड हाच!” दारावरच्या पाटीवरचं नाव पासवर्ड म्हणून ठेवायचं धाडस काकूंनीच करावं.

यादी उघडली. प्रत्येक नोंदीपुढे तारा आणि शेरे जसेच्या तसे. माझी नजर आधी माझ्या नावावर गेली. तिथे लिहिलं होतं: ‘इतक्यात स्थळ सुचवू नये. हिच्यामागे कॉम्प्युटर कोण बघणार?’

कोडाचा उल्लेखही नव्हता. मी काकूंकडे बघितलं. काकू पंख्याकडे बघत होत्या.

“दोन वर्षं, काकू!”

“सहाच महिने थांबणार होते गं. मग राहूनच गेलं.”

चपला घालून तडक घरी जावं असं वाटलं. इतका संताप मला त्याआधी आला नव्हता, नंतरही नाही. पण क्लासचा टेम्पो संध्याकाळी येणार होता आणि यादीत इतरांच्या लेकींची गुपितं होती. त्यांनी माझं काय घोडं मारलं होतं?

मी तारा लावलेल्या नोंदी कायमच्या काढल्या. तेवढ्यानेही भागत नाही. पाटी बोटाने पुसली तरी तिरकी धरल्यावर जुनी अक्षरं दिसतात, तसंच डिस्कचं. त्यावर नवं काहीतरी लिहावं लागतं, जागा संपेपर्यंत. मी ठसक्यात म्हटलं, “सांगा, काय लिहू?”

“रामनाम लिही.”

“ते नंतर पुसायचंय.”

“देवाचं नाव पुसायचं? छे छे!” काकूंनी थोडा विचार केला. “मग कांदेपोहे लिही. मंडळाला शोभेलसं.”

त्यांनी कृती सांगितली, मी टाइप केली. पोहे भिजवू नयेत, नुसते धुवावेत. मग जागा भरेपर्यंत त्याच फाइलच्या प्रती काढत राहणारा छोटा प्रोग्राम लावला. सर्व्हर दुपारभर घरघरत होता. डिस्क भरली, पुसली, पुन्हा भरली. नंतर शोधून पाहिलं तर जिथे बघावं तिथे पोहे. डिस्क फॉरमॅट केली आणि टेम्पो आला.

मी घरी काहीच बोलले नाही. बोलून दाखवायला पुरावाही उरला नव्हता, तो मीच पुसला होता. पण त्याच संध्याकाळी दुखऱ्या गुडघ्यांनी तीन जिने चढून काकू आमच्या दारात उभ्या राहिल्या. पाणीही न घेता त्यांनी बाबांना सगळं सांगितलं, शेऱ्यातल्या शब्दांसकट. “माझा स्वार्थ होता,” म्हणाल्या. “पोरीची दोन वर्षं मी अडवली.”

आता बाबा भडकणार, म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी एवढंच विचारलं,

“म्हणजे माझ्या हातांमुळे नव्हतं?”

“हातांचं मी कुठे लिहिलंच नाही,” काकू म्हणाल्या. “त्यात काय लिहायचंय?”

बाबांनी मनगटाची बटणं काढली, दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि काकूंसाठी चहा टाकायला स्वतः उठले.