रुमालातले शंभर दाणे

चाळिशीत मला टक्केवारीचा आजार जडला होता. दुसरं नाव नाही त्याला. सातवीपर्यंत शिकलेली, त्यात शेकडेवारीचा एकच धडा नीट डोक्यात शिरलेला, आणि त्या एका धड्यावर बाई एवढी फुगली की विचारू नका. धसईहून मुरबाडला जाणारी सकाळची एसटी महिन्यात किती वेळा वेळेवर आली, हे मी कॅलेंडरवर फुल्या मारून मोजायचे आणि थांब्यावरच्या लोकांना न विचारता सांगायचे. सासूबाईंचा रागसुद्धा नवऱ्याला हळूच टक्क्यांत कळवायचे. "आज साठ टक्के हाय. जेवून घ्या, बोलू नका." तो बिचारा ऐकायचा.

अशा बाईच्या हाती एका कृषी सहायकाने खरंच उपयोगाचं काम दिलं. गावात येऊन त्याने आम्हा बायकांना भाताचं बियाणं तपासायला शिकवलं. पोत्यात हात घालून वरून, मधून, तळातून मूठ मूठ भात काढायचं, एकत्र करायचं आणि त्यातले न निवडता शंभर दाणे मोजायचे. ओल्या गोणपाटावर ओळीने मांडून गुंडाळी करायची, रोज पाणी शिंपडायचं. आठव्या दिवशी कोंब मोजायचे. जितके कोंब तितके टक्के, भागाकाराची कटकट नाही. ऐंशीच्या वर आले तर नेहमीसारखं पेरा, खाली आले तर बी थोडं जास्त टाका, इतकंच तो म्हणाला होता. 'नापास' हा शब्द माझा.

त्या मे महिन्यात मी घरोघर लोकांच्या पोत्यांत हात घालत फिरले. थोरल्या जावेच्या पोत्यात तर कोपरापर्यंत. तिला मी आक्का म्हणायचे. तिचा नवरा गेलेला, पदरात दोन मुली, आणि वर्षभराचं भात पिकायचं ते ओढ्याकाठच्या एका शेतात. तिच्या गुंडाळीत एकाहत्तर कोंब निघाले.

"नापास," मी म्हटलं.

"नापास म्हंजे? एकाहत्तर तं उगवले ना गो?"

"एकोणतीस नाय उगवले, आक्का. ते दिसत नाय तुला?"

"मेलेलं कुनाला दिसतंय," ती म्हणाली. पण तिला घोर लागला.

मग उपायही मीच सुचवला. माझा मोठा भाऊ शहापूरकडे माहेरची शेती बघायचा. त्याच्याकडचं बी विकत आणू म्हटलं. आक्का तयार झाली आणि तिने आपलं बियाणं गिरणीत नेऊन त्याचे तांदूळ करून आणले. तिचं बघून आणखी दोघी तयार झाल्या.

भाऊ स्वतः जीपमधून पोती घेऊन आला. ओटीवर टेकायच्या आधीच त्याने खिशातून गाठ मारलेला रुमाल काढला.

"घे गो बाय, तपासायला. तुजी शाळा ठावं हाय मला."

सगळे हसले. मी सगळ्यांत जास्त हसले. पोती समोर होती, तोंडं शिवलेली. सुतळी उसवून हात घालायला असा कितीसा वेळ लागतो? पण भावाच्या पोत्यात हात घालायचा म्हणजे त्याला चोर म्हणायचं, असं मला वाटलं. माहेरहून आलेलं कोणी तोलून मापून घेतं का! निघताना तो म्हणाला, "जरा दाट पेर गो." केवढी ही माया, म्हणून माझे डोळे भरून आले. माठ होते नुसती.

रुमालातले शंभर मोजले. चौऱ्याण्णव उगवले. हा आकडा मी गावभर मिरवला.

पेरणी झाली. आमच्याकडे पालापाचोळा आणि शेण भाजून रोपांसाठी जमिनीचा तुकडा तयार करतात, त्याला राब म्हणतात. दहा दिवसांनी राबात रोप दिसलं ते टक्कल पडायला लागलेल्या माणसाच्या डोक्यासारखं. माझ्या राबात, आक्काच्या, त्या दोघींच्याही. मी आधी पाखरांना दोष दिला, मग खेकड्यांना. मग उरलेल्या पोत्यात तळापर्यंत हात घातला. काळपट भात, कुबट वास. तेवढ्यावरून कुणालाही कळलं असतं. पण बाईला आकडा हवा होता ना! शंभर दाणे मोजून पुन्हा गुंडाळी केली, पुन्हा आठ दिवस थांबले. अडतीस.

चौऱ्याण्णव टक्के खरेच होते. फक्त ते रुमालाचे होते, पोत्याचे नव्हते.

आक्का राबाच्या बांधावर बसली होती. तिला आकडा सांगितला.

"त्याच्या पोत्यात हात घातलेलास?"

"नाय."

"आमच्यात तं कोपरापातूर घातलास."

एवढंच बोलली. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी मुरबाडहून शहापूरची एसटी धरली. भाऊ अंगणात दोर वळत बसला होता.

"दादा, रुमालात कुठलं बी बांधलंस?"

"त्याच पोत्यातलं."

"निवडून?"

"मग? तपासायला चांगलंच देनार ना! तुज्या गावात तुजं हसं करू काय?"

"आनि पोत्यात काय होतं?"

त्याने दोराला एक पीळ दिला. "दोन वर्सांचं होतं. छप्पर गळून जरा भिजलेलं. अर्धं तरी उगवंल वाटलं. म्हनून तं दाट पेर बोललो."

"आनि मी पोत्यात हात घातला असता तं?"

वहिनी चहा घेऊन येत होती. भोळी बाई, तिला वाटलं आपण नवऱ्याची बाजू सावरतोय. "ह्ये बोललेच होते, ती आपल्या पोत्यात हात घालायची नाय म्हनून."

म्हणजे गणित त्यानेही केलं होतं, आणि माझ्यापेक्षा चोख. बियाण्याचा त्याला भरवसा नव्हता, माझा मात्र शंभर टक्के होता, आणि तोच त्याने खपवला. मी तरी काय केलं? उठून निघून यायला हवं होतं, तर चहा प्याले. वर कपबशी विसळून ठेवली. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

ओढ्यापलीकडच्या लोकांनी आपली लावणी उरकल्यावर उरलेलं रोप दिलं. माझ्या वाट्याचं मी आक्काच्या बांधावर नेऊन टाकलं. तरीही तिचं अर्धंच शेत लागलं. अर्धं तसंच गवताला गेलं. अर्धं म्हणजे किती टक्के, हे मी त्या वर्षी तोंडातून काढलं नाही.

पुढे बचत गटाच्या बैठकीत त्या दोघी माझ्यावर तुटून पडल्या.

"हिनंच आमच्या गळ्यात मारलं भावाचं बी. तपासलंच नसंल हिनं!"

आक्का कोपऱ्यात होती. ती उठून उभी राहिली. "तपासलं तिनं. मी होती तितं. पोत्यात हात घालून मूठ काढली तिनं. भावानंच वरचं चांगलं, खालचं कुजकं भरलं, तं ती काय करंल?"

"सख्ख्या भावानं गो," म्हणत एकीने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी मान खाली घातली आणि फसलेली बहीण होऊन बसले. ते तर खरंच होतं. दुसरं जे खरं होतं, ते फक्त आक्काला आणि मला ठाऊक होतं.

परतताना वाटेत म्हटलं, "आक्का, खोटं कशाला बोललीस?"

"तुला ह्यांच्यातच ऱ्हायचंय ना जलमभर?" ती म्हणाली आणि झपझप पुढे निघून गेली.

आक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या दोघी आहेत. बाजाराच्या दिवशी धसईत गाठ पडते, बियाण्याचा विषय निघतो आणि दोघी माझ्या भावाच्या नावाने बोटं मोडतात. मी मान हलवते आणि म्हणते, "हो ना गो, पोत्यात हात घालूनसुद्धा."